‘सगळं स्कॅन करा आणि मंडळांना कुलूप लावा’ : एका फॉरवर्डला उत्तर

इतिहास मंडळं आणि गावोगावची छोटी संग्रहालयं यांच्याबद्दल एक मजकूर अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत येतो. त्याचं सार असं : ही धूळ खाणारी गोदामं आहेत, कागद स्कॅन करून नेटवर टाका, मोडी लिपी आता ॲपच वाचेल, शाळांच्या भेटी म्हणजे नुसती रांगेतली पायपीट, घरातले जुने कागद कुणाला दाखवू नका, सरकार जप्त करतं, आणि मंडळवाले तसंही सगळं दडवूनच ठेवतात. यातल्या दोन तक्रारींत तथ्य आहे. बाकी मजकूर लिहिणाऱ्याने रुमाल, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं, सोडून पाहिलेला दिसत नाही.

‘स्कॅन केलं की काम संपलं.’

स्कॅन हवाच, त्यावर वाद नाही. पण ए-फोर आकाराचा एक कागद ४०० डीपीआयला, रंगीत, टिफ या फाइल-प्रकारात, आकार कमी करायला काहीही न दाबता साठवला तर फाइल साधारण ४६ एमबीची होते. हजार कागद म्हणजे ४६ जीबी, आणि दोन्ही बाजू घेतल्या तर दुप्पट. पाठ घ्यावीच लागते, कारण पत्र पोचल्याचा शेरा पुष्कळदा तिथेच सापडतो. मोबाइलच्या ‘डॉक्युमेंट’ मोडमध्ये काढलेले फोटो दिसायला स्वच्छ दिसतात खरे, पण तो मोड पिवळी पार्श्वभूमी पुसताना फिकी शाई आणि पुसट शिक्केही पुसून टाकतो.

याहून मोठा घोटाळा क्रमाचा. स्कॅनरला सोपं जावं म्हणून रुमालातले कागद लहान-मोठे वेगळे केले की कोण कुणाच्या शेजारी होता ते कायमचं गेलं. तारीख नसलेल्या पत्राचा काळ बऱ्याचदा शेजारच्या कागदावरूनच लागतो. म्हणून रुमाल सोडल्याबरोबर आहे त्या क्रमाने कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने आकडे घालायचे, आणि स्कॅन त्यानंतर. फाइलच्या नावात रुमाल क्रमांक, कागद क्रमांक आणि बाजू, तिन्ही हवीत. ‘जुने पत्र १’ अशा नावाची फाइल वर्षभराने कुणालाच सापडत नाही.

‘मोडी ॲप वाचेल.’

मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, जागा मिळाली, त्यामुळे ती टाइप करता येते. हाताने लिहिलेली मोडी वाचणं हे वेगळंच काम. आधी पानभर रेघा ओढायच्या आणि मग हात शक्य तितका न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायची, अशी ती लिहिली जाई. दोन शब्दांत जागा नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, संक्षेप मात्र ओळीओळीला. स्वच्छ हस्ताक्षराचा कच्चा मसुदा यंत्र देईलही. तो तपासणार कोण?

आणि अक्षरं लागली तरी अर्थ लागतोच असं नाही. समजा कागदावर ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ आहे. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना; ‘सु॥’ हा तिचाच संक्षेप) ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) याच सनातली. सरसकट ६०० मिळवणारा पावसाळ्यातली आणि हिवाळ्याच्या आरंभीची सगळी पत्रं एक वर्ष पुढे ढकलतो, आणि मग पत्राला उत्तर आधी आणि पत्र नंतर असले चमत्कार छापून येतात. पुढे ‘छ’ आणि आकडा आला तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख असते. ती मराठी तिथी समजून पंचांग उघडलं की दुसरी चूक.

मंडळाचा मोडी वर्ग हे शिकवतो. चांगला वर्ग कुठला ते ओळखणंही सोपं आहे. तक्त्यावरची सुटी अक्षरं चार दिवसांत येतात. लोक गळतात ते त्यानंतर, कारण पत्रात अक्षरं सुटी नसतातच. तिथून पुढे एकाच कारकुनाच्या हातची दहा पत्रं लागोपाठ वाचायला द्यावीत. मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचा मजकूर, ठरावीक असतो. तो पाठ असला की पहिल्या दोन ओळी अंदाजाने लागतात आणि त्यातूनच त्या हाताची वळणं कळतात. रोज नवा नमुना देणारे वर्ग उत्साही असतात, पण त्यातून वाचक तयार होत नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा कागद दप्तरांत होतेच, चणचण भासली ती मोडी वाचणाऱ्यांची.

‘शाळांच्या भेटी म्हणजे पायपीट.’

ही तक्रार बऱ्याच ठिकाणी खरी आहे. साठ मुलं, एक मार्गदर्शक, पाऊण तासात सगळी दालनं, आणि हातात पाट्यांवरची माहिती उतरवून घ्यायचा कागद. मुलं पाटी वाचतात, वस्तू पाहतच नाहीत. पण यावरचा इलाज भेट बंद करणं नव्हे. साठ मुलांचे चार गट करा, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, एकूण दीड तास. दालनं नाही दाखवली तरी चालतील, चार वस्तू पुरतात.

उदाहरणार्थ धान्य मोजायचं एखादं जुनं माप. संग्रहातलं नको; नोंदवहीत न चढवलेलं, हाताळायला वेगळं ठेवलेलं घ्या. पाटी झाका. आधी काठ कुठे झिजलाय ते शोधायला सांगा, मग शिक्का आहे का ते. नंतर त्याच मापाने एकदा ज्वारी आणि एकदा पोहे भरून दोन्ही वजनकाट्यावर ठेवा. माप एकच आणि वजन वेगळं, हे दिसल्यावर मापाचा शेर आणि वजनाचा शेर यांतला घोळ मुलं आपणहून विचारतात. ज्यांना संग्रहालयापर्यंत येणं जमत नाही त्यांच्याकडे संग्रहालय जाऊ शकतं : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून हेच करते आहे.

‘घरचे कागद दाखवले की जप्त होतात.’

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितं आणि ऐतिहासिक दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची. त्या घरात बाळगणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करणं हा आहे. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. जमिनीत सापडलेल्या हंड्याची गोष्ट वेगळी : १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अफवेचं मूळ बहुधा या दोन कायद्यांची सरमिसळ करण्यात आहे.

मंडळाकडे जाताना तीन पर्याय असतात : कायमची देणगी, मुदतीची ठेव, किंवा स्कॅन करून कागद परत. कुठलाही निवडा, पण लेखी. कागदांची संख्या, स्थिती, फोटो, कुणाला पाहू द्यायचे आणि छापायचं झाल्यास परवानगी कुणाची, एवढं त्यात यायलाच हवं. ‘सध्या ठेवा तुमच्याकडे’ या बोलीवर दिलेले कागद पुढच्या पिढीत भांडणाला कारण होतात, आणि तेव्हा दोन्ही बाजू प्रामाणिक असतात.

घरीच ठेवायचे तर लॅमिनेशन करू नका. ते कागदाला इजा न करता सहसा निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या कागदाला आतल्या ओलीनेच बुरशी धरते. हात धुऊन, कोरडे करून कागद हाताळा. सुती हातमोज्यांनी बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. मोजे फोटो आणि धातूच्या वस्तूंसाठी.

‘मंडळवाले दडवून ठेवतात.’

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १८९८ पासून इतिहासाच्या साधनांचे, म्हणजे मूळ कागदपत्रांचे, खंड छापत होते आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये उभं राहिलं तेच साधनं गोळा करून प्रसिद्ध करायला. तरीही अनेक छोट्या मंडळांत काय आहे ते एका जुन्या हस्तलिखित वहीत आणि एका माणसाच्या डोक्यात असतं, हे खरं. तिथे पूर्ण सूचीची वाट पाहू नये. रुमाल क्रमांक, अंदाजे काळ, गाव किंवा घराणं, कागदांची संख्या, असे चार रकाने भरून यादी आधी बाहेर लावावी. कागदवार सूचीला पुढे वर्षं लागली तरी कुठला रुमाल मागायचा ते वाचकाला कळतं.