रिकामा वेळ कसला?

लेकीने आईच्या आठवणींवर लिहिलेला हा लेख मनापासून आवडला. नव्वदी ओलांडलेलं आयुष्य एका लेखात बसवणं सोपं नाही. फक्त 'नोकरी नव्हती, म्हणून रिकाम्या वेळात समाजसेवा' हा सूर जरा खटकला. चार मुलांच्या आईला कसला आलाय रिकामा वेळ! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१३ च्या श्रमसांख्यिकी परिषदेने विनामोबदला स्वयंसेवेलाही कामाचाच एक प्रकार मानलं आहे. घरचे मात्र अजून त्याला 'आईची हौस' म्हणतात.

या आईंनी ठेवलेल्या रक्तदात्यांच्या वहीबद्दल लेखात अजून वाचायला आवडलं असतं. रक्तगटाप्रमाणे लावलेली नावं, शेजारी मागच्या रक्तदानाची तारीख (मध्ये काही महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं ना!), आणि गाव सोडून गेलेल्यांवर रेघ, तीही पेन्सिलीने. माणूस परत आला तर खोडता यावी म्हणून असणार. हा हिशेबीपणा मला त्यांच्या सगळ्या सत्कारांपेक्षा मोठा वाटला. खरं तर सत्काराचे दोन परिच्छेद गाळले असते तरी चाललं असतं.

ताई, ती वही आता कोण चालवतंय? नुसती कपाटात ठेवली असेल तर कुणाच्या तरी हातात द्या, नंबर जुने व्हायला वेळ लागत नाही.