कट्ट्यावर सॅबथ, झेपेलिन आणि रेग्याचं तिकीट

"मोठा म्हणजे काय, ते आधी ठरवा," असं मंदार म्हणाला आणि संज्या उसळला.

"शाळेत शिकवतोस म्हणून इथेपण व्याख्या उतरवून घ्यायची का आम्ही?"

सगळ्यात मोठा रॉक बँड कोणता, या भांडणाला सुरुवात श्रीपादने केली होती. ब्लॅक सॅबथचा, त्यांच्याच बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्कचा निरोपाचा कार्यक्रम आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर तुकड्यातुकड्यांत पाहिला होता. त्यानंतर १७ दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला आणि श्रीपादने ग्रुपवर मेणबत्ती टाकून खाली लिहिलं, "कलाकार मोठा होता, पण सॅबथ काही पहिल्या पाचांत बसत नाही." मेणबत्ती टाकून वर हे! शनिवारी रात्री डोंबिवली पूर्वेच्या आमच्या कट्ट्यावर झाडून सगळे हजर होते. श्रावण नुकताच लागला होता, त्यामुळे भुर्जीच्या गाडीकडे कोणी बघत नव्हतं. चहा मात्र चालू होता.

मी संज्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

"पहिले पाच कोणते तुझे?" संज्याने विचारलं.

"पिंक फ्लॉईड," श्रीपाद म्हणाला. "मग बराच वेळ कोणीच नाही. मग बाकीचे."

श्रीपादकडे टर्नटेबल आहे. त्याच्या घरी फ्लॉईडचा 'डार्क साइड ऑफ द मून' ऐकायला जायचं म्हणजे मोबाईल बंद, खिडक्या बंद, पंखासुद्धा बंद, कारण सुरुवातीचे हृदयाचे ठोके पंख्याच्या आवाजात नीट लागत नाहीत म्हणे. वहिनींनी तेवढ्या वेळात कुकर लावायचा नाही. मे महिन्यात रेगे तिथे घामाने निथळत बसला होता आणि रेकॉर्डची बाजू संपल्यावर त्याने पहिला शब्द काढला तो "पाणी".

"१९७३ ते १९८८," श्रीपादने मोबाईल बाहेर काढला. "बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे. तुझ्या सॅबथचा एक अल्बम दाखव असा."

"खपावर जायचं असेल तर कालनिर्णयला पहिला नंबर दे," संज्या म्हणाला.

शिल्पा खो-खो हसली. अण्णाही हसले. अण्णा आमच्यात वयाने सगळ्यात मोठे, भजनी मंडळात पेटी वाजवतात. रॉकशी त्यांचा संबंध एवढाच, की आम्ही भांडायला लागलो की ते उठून जात नाहीत.

श्रीपाद मागे हटणारा नव्हता. "अण्णा, तुम्हीच सांगा. फ्लॉईडचं 'मनी' हे गाणं सात मात्रांचं आहे. नाण्यांचा, गल्ल्याचा आवाज टेपवर घेतला, टेपचे तुकडे मोजून कापले, जोडले, आणि त्यातून ताल उभा केला. हे कोणी केलंय?"

"सात म्हणजे रूपक," अण्णा म्हणाले. "लाव बघू."

श्रीपादने लावलं. अण्णांनी कट्ट्याच्या फरशीवर बोटांनी ती ती ना, धी ना, धी ना धरलं आणि दोन आवर्तनांत बरोबर बसवलं. श्रीपादचा चेहरा फुलला. सॅक्सोफोन झाला, गिटार सुरू झाली आणि अण्णांचा हात थांबला.

"हे चारात गेले की रे."

"हो, तिथे बदलतो ताल."

"का? ऐन रंगात आल्यावर सात झेपेनात?"

श्रीपादने गाणं बंद केलं. त्यानंतर बराच वेळ त्याने मोबाईल खिशातून काढला नाही.

रेगे लेड झेपेलिनवाला. "आमच्याकडे पुरावे आहेत," अशीच त्याची सुरुवात असते. त्यांचा गिटारवाला पेज आणि गायक प्लांट १९७२ साली मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केलं होतं, ते अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ साली. कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्ये दोघं वाजवायला उभे राहिले होते. हे रेगे अशा थाटात सांगतो, जणू दाराशी तिकिटं तोच फाडत होता. १९७२ साली त्याच्या आईवडिलांचं लग्नही झालेलं नव्हतं.

"आणि ड्रम्स," रेगे म्हणाला. "'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ऐक. जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम्स ठेवले, वरच्या मजल्यावरून दोन माइक सोडले. असा आवाज आधी कोणी काढलाच नव्हता. आणि तू सारखं बर्मिंगहॅम बर्मिंगहॅम करतोस, तर आमचा ड्रमर बोनॅम आणि प्लांटसुद्धा त्याच भागातले."

"मान्य," संज्या म्हणाला. "बोनॅमच्या ड्रम्सपुढे मी हात जोडतो. पण गाणं कोणाचं आहे ते? १९२९ सालचं अमेरिकन ब्लूज, मेम्फिस मिनी आणि तिच्या नवऱ्याचं. मिसिसिपीच्या पुरावरचं. तुमच्या 'होल लॉटा लव्ह'साठी ब्लूजवाल्या विली डिक्सनने कोर्टात खेचलं, तेव्हा तडजोड केली. पोरं बर्मिंगहॅमची आणि पूर मिसिसिपीचा, असं का? घराबाहेर लोखंड ठोकत होते, ते कोणाला ऐकू आलं नाही?"

"सगळेच ब्लूजमधून आले, लेका. सॅबथपण."

"आले ना. पण पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०चा. पहिलं गाणं लागलं की ब्लूज कुठे शोधायचा सांग."

रेग्याला उत्तर सुचेना, तेव्हा तो शिल्पाकडे वळला. "तू काय गप्प? तुझं क्वीन ना?"

"तू माझ्याशी बोलू नकोस," शिल्पा म्हणाली.

झालं. २००३चं तिकीट बाहेर आलं. एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स. शिल्पाने रेग्याकडे पैसे दिले होते, रेग्याने तिकिटं काढली होती, आणि आदल्या दिवशी त्याच्या मेव्हण्याला अचानक स्टोन्सचं प्रेम सुटलं. शिल्पा घरी बसली. मेव्हण्याला एकही गाणं माहीत नव्हतं. तो कार्यक्रमभर विचारत होता, "मधला तो तोंडाळ माणूस कोण?"

"पैसे परत दिले होते मी," रेगे म्हणाला.

"मिक जॅगर परत दिलास का?"

यावर कोणाकडेच काही बोलण्यासारखं नव्हतं. शिल्पाने मग क्वीनची बाजू मांडली, पण थोडक्यात. फारुख बलसारा, म्हणजे त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकला, तिथेच हेक्टिक्स नावाचा त्याचा पहिला बँड झाला, आणि हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? लाइव्ह एडच्या कार्यक्रमात १३ जुलै १९८५ रोजी वीसेक मिनिटांत त्याने अख्खं वेम्बली स्टेडियम ताब्यात घेतलं. आणि त्यांच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर घरी गिटार बनवली, तिचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा. ते सांगताना तिने हाताने लाकूड तासून दाखवलं. शिल्पाचा मुद्दा मला पटतो. गाणारा माणूस म्हणून फ्रेडीसमोर ऑझी उभा राहणार नाही, आणि संज्याही ते नाकारत नाही.

"गाण्याचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "क्वीनसारखं दुसऱ्या कोणाला करता आलं नाही. ते एकटेच. सॅबथनंतर मात्र अख्खी वस्ती उभी राहिली."

मंदारने चहाचा ग्लास खाली ठेवला. तो बीटल्सचा, आणि बीटल्सवाल्यांना घाई नसते. "वस्तीचंच बोलतोस तर ऐक. ऑझी गायला लागला कशामुळे? बीटल्सचं 'शी लव्ह्ज यू' ऐकून. हे त्यानेच सांगितलंय, पुन्हा पुन्हा. आणि जड आवाजाचं म्हणशील, तर 'हेल्टर स्केल्टर' १९६८चं. बीटल्सचा हॅरिसन त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर बसला होता, 'द इनर लाइट'चा ट्रॅक तिथे झाला. पेज-प्लांट आले ते चार वर्षांनी. सगळे रस्ते आधी कोणी चालून ठेवले?"

"बीटल्सनी," संज्या म्हणाला. सगळे चमकून बघायला लागले. "बापाने गाव दाखवलं, खरंय. घर पोराने बांधलं. 'हेल्टर स्केल्टर' हा त्यांचा एका रात्रीचा मुक्काम होता. सॅबथ तिथे राहायला गेले."

मग त्याने बोटांची गोष्ट काढली.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची बोटं आम्हाला सगळ्यांना माहीत होती. पण संज्याचं एमआयडीसीत प्रेसचं वर्कशॉप आहे, आणि त्याच्या तोंडून ते ऐकणं वेगळं असतं. पत्र्याचा कारखाना, पोरगा १७ वर्षांचा, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता, आईने सांगितलं की दिवस पुरा करून ये. प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला त्याच्या जागी उभं केलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं टोकाशी गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

"प्रेसवर बोट जातं तेव्हा चिरत नाही," संज्याने स्वतःचा हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने वरून दाबून दाखवलं. "दबतं. माणूस दचकून हात मागे ओढतो आणि त्या ओढण्यात टोक तिथेच राहतं. आयोमीचंही तसंच झालं, ओढल्यावर गेलं. आज गार्ड असतो, सेन्सर असतो, दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. तेव्हा काही नव्हतं. माझ्या बाबांच्या वेळीही नव्हतं."

संज्याच्या वडिलांचं बोट एका कंपनीत प्रेसवर गेलं होतं. कंपनीने बोटाचे पैसे दिले आणि थोड्याच दिवसांत कामावरून कमी केलं.

"पखवाज काय वाजवायचे," अण्णा म्हणाले. "नंतर मंडळात यायचे, पण टाळ घेऊन मागे बसायचे. मी दोनदा म्हटलं, बसा पखवाजावर, जमेल तसं वाजवा. नाही बसले."

"आयोमी बसला," संज्या म्हणाला. "फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून दिली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झालेली, आणि वाजवतोय बघ कसा. मग याने भांड्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, टोप्या केल्या, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने आतून भोक पाडलं, वरून चामडं चिकटवलं. त्या टोप्यांना तार लागते की नाही ते कळत नाही, म्हणून जोर लावायचा. जोर लावला की दुखतं, म्हणून तारा बारीक घेतल्या. पातळ तारांचा सेट मिळेना, तर बँजोच्या तारा चढवल्या. मग १९७१च्या अल्बमला गिटारची पट्टीच खाली उतरवली, तारा सैल. आज जगात कुठेही कुठला पोरगा तारा सैल करून तो जड आवाज काढतो ना, तो त्या दोन बोटांचा आवाज आहे. पाच जुलैला मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेयर, पँटेरा सगळे व्हिला पार्कला आले आणि आपापल्या गाण्यांबरोबर सॅबथची गाणी वाजवून गेले. कोणी सक्ती केली होती का? यादी मासिकवाले करतात. रोलिंग स्टोन मासिकाने पहिल्याच अल्बमची धूळधाण केली होती. रॉकवाल्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला २००६ उजाडलं. पण वाजवणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं."

मला याच्यापुढे काही म्हणायचं राहत नाही. ज्याच्यामुळे दुसऱ्यांच्या हाताची सवय बदलली, तो मोठा. बाकी सगळं आवडीनिवडीचं.

"ते पहिलं गाणं लाव," अण्णा म्हणाले.

पाऊस, दूरवरची घंटा, आणि मग ते तीन स्वर. अण्णांनी डोळे मिटले. "सा. वरचा सा. मग मधला तीव्र म." त्यांनी गुणगुणून पाहिलं. "आणि पंचम देतच नाही हा माणूस. यमनात तीव्र मच्या जोडीला प असतो, म्हणून तो गोड लागतो. इथे उघडा टाकलाय, म्हणून जीव टांगणीला लागतो. मारव्यात असंच होतं, तिथेही पंचम नाही. संध्याकाळी घरात एकट्याने ऐकू नये असा."

"शाब्बास अण्णा!" संज्याने टाळी मागितली.

"थांब रे. हे गाणं आहे कशाबद्दल?"

"काळ्या कपड्यातलं कोणीतरी समोर उभं आहे आणि बोट दाखवतंय."

"इन्कम टॅक्सवाला," रेगे म्हणाला.

तिथून सगळं सुटलं. शिल्पाला ठसका लागला. श्रीपादने संधी साधून परत ७४१ आठवडे काढले, तेव्हा संज्याने "पंखा लाव आधी" म्हणून त्याला गप्प केलं. मंदारला मत द्यायचा आग्रह झाला, तर तो म्हणाला की तो मोठ्या आणि आवडत्या बँडची वेगळी यादी करून आणतो. ती यादी तो गेली कित्येक वर्षं आणतोय. रंगभवनच्या आय-रॉक या रॉक महोत्सवावरून शेवटची लोकल पकडायला सीएसटीपर्यंत कोण सगळ्यात जोरात धावलं, यावर वेगळंच भांडण झालं आणि त्यात तिघांनी तीन वेगवेगळी नावं घेतली.

संज्याचा भाचा ओंकार इतका वेळ मोबाईलमध्ये होता. त्याला कोणीतरी विचारलं, "तुझा कुठला रे?"

"कोल्डप्ले," तो म्हणाला.

श्रीपाद, रेगे, मंदार आणि संज्या एका सुरात ओरडले. संध्याकाळपासून त्या चौघांचं एकमत झालं ते तेवढ्यावरच. शिल्पाने मात्र पोराला पाठीशी घातलं, कारण जानेवारीत डी. वाय. पाटील स्टेडियमला ती स्वतः गेली होती.

"तिकीट कसं मिळालं तुला? लोक रांगेत लाखाच्या पुढच्या नंबरवर होते," रेगे म्हणाला.

"तुझ्याकडे पैसे दिले नाहीत, म्हणून मिळालं."

चहावाला गाडी आवरायला लागला होता. रेग्याने मुकाट्याने पाकीट काढलं आणि सगळ्यांचे पैसे दिले. "झालं समाधान?" त्याने शिल्पाला विचारलं. "फिटलं स्टोन्सचं तिकीट?"

"हा पहिला हप्ता," शिल्पा म्हणाली. "पुढच्या शनिवारी क्रीम रोल पण."