गुन्हा नावावरून काढण्याचे सोपे उपाय

आपल्या नावावर गुन्हा नको असेल, तर पहिला उपाय 2020 सालीच करायला हवा होता: टाळेबंदी उठेपर्यंत घरात कोणी आजारी पडू नये आणि कोणी औषध आणायला बाहेर पडू नये.

तरीही टाळेबंदीचा सरकारी आदेश मोडल्याचे कलम 188 लागलेच असेल, तर सरकारवर विश्वास ठेवावा. असे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2022 मध्ये घेतला, तेव्हा माझ्या बहिणीने पेढे वाटले होते. गेल्या महिन्यात भाच्याला नोकरी लागली, कंपनीने चारित्र्य पडताळणी मागितली आणि उत्तर आले, 'गुन्हा प्रलंबित'. अशा वेळी प्रसन्न मुद्रेने पोलीस ठाण्यात जावे. तेथे अंमलदार रजिस्टर उघडून आपल्या नावावर बोट ठेवतात आणि कोर्टाचा आदेश आणायला सांगतात. कोर्टातील कारकून सांगतो की दोषारोपपत्रच आलेले नाही, तेव्हा नसलेल्या केसचा आदेश कोठून द्यायचा? पुन्हा ठाण्यात यावे, तर तपासी अंमलदारांची बदली झालेली असते आणि साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. बंदोबस्त कोणाचा, हे विचारू नये. फार तर सहा महिन्यांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल, विलंब माफ झाल्याखेरीज, न्यायालयाला एका वर्षानंतर घेता येत नाही असे कायदा सांगतो, पण रजिस्टरला कायदा वाचता येत नाही.

कोर्टाच्या आवारात कोणी 'कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा' असे सुचवले, तर जरूर ऐकावे. दंड शंभर रुपयांचा असला तरी ती दोषसिद्धीच असते आणि पुढे शिक्षेबद्दल विचारणाऱ्या प्रत्येक रकान्यात 'होय' लिहिण्याची सोय होते.

उच्च न्यायालयातून गुन्हा रद्दही करून घेता येतो. वकिलाची फी अद्याप सुरू न झालेल्या पगारातून द्यावी.

अहो, गुन्हा तुम्ही नोंदवलात, मागे घेण्याची घोषणा तुम्हीच केलीत, तपासावरच्या गुन्ह्याचा समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवणेही तुमचेच काम आणि खटला कोर्टात असेल तर तो मागे घेण्याचा अर्जही तुमच्याच सरकारी वकिलाने करायचा. मग खेटे पोरांनी का घालायचे? यादी तुमच्या कपाटात आहे. ती काढा, बसा आणि अहवाल पाठवा. तेवढेही होत नसेल, तर पडताळणीच्या कागदावर निदान खरे कारण लिहा: 'शासनाने मागे घ्यायचे ठरवलेला गुन्हा, आमच्या आळसामुळे प्रलंबित.'