गाड्या किती आल्या ते पुरे, माणसं किती बसली ते सांगा

शहर बसची कुठलीही बातमी काढून बघा. इतक्या गाड्या येणार, इतक्या इलेक्ट्रिक मंजूर, डेपोचं भूमिपूजन, फीत, फोटो. पण संभाजीनगरात रोज जे लाखो लोक घराबाहेर पडतात, त्यांच्यातले किती बसनं जातात आणि दहा वर्षांनी किती जायला पाहिजेत, हा आकडा कुठल्याच फ्लेक्सवर नसतो. माझं म्हणणं असं की आधी तो ठरवा. आणि ठरवताना जरा मोठा ठरवा.

२०१९ साली स्मार्ट सिटीतून शंभर बसची सेवा सुरू झाली तेव्हा बरं वाटलं होतं. पण हिशेब काय सांगतो? केंद्राच्या सेवा निकषांत हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे साठ, ही चांगली पातळी धरतात. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. त्या जुन्या आकड्यानंसुद्धा सातशे गाड्या होतात. शंभर ही सुरुवात होती, आपण तिलाच मुक्काम समजलो.

बरं, उद्या सातशे आल्या तरी काम झालं असं नाही. आता बहुतेक ठिकाणी ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात. गाडीत पन्नास माणसं असोत की पाच, त्याचं बिल तेवढंच. पद्धत चुकीची नाही, त्यामुळे ड्रायव्हर पॅसेंजरसाठी चौकात ताटकळत नाही. पण मग गाडी भरायची जबाबदारी कुणाची? ठेकेदाराची नाही, ड्रायव्हरची नाही. उरते ती महापालिका, आणि तिच्यासमोर तसं लक्ष्यच नाही. शाळेचा निकाल विचारावा आणि मुख्याध्यापकांनी बाकं मोजून दाखवावीत, तसं चाललंय.

खरा प्रश्न बघायचा असेल तर सकाळी सहाला मुकुंदवाडीत किंवा चिकलठाण्याला उभं राहा. वाळूजच्या कारखान्यांत फर्स्ट शिफ्टला निघालेली पोरं दिसतील. मोठ्या कंपन्यांत परमनंट असलेल्याला बऱ्याचदा कंपनीची बस असते. कंत्राटी पोरानं मात्र आपापलं बघायचं. एक तर शेअर रिक्षात तिघांच्या जागी सहा जण कोंबून बाबा पेट्रोल पंपापर्यंत जायचं, तिथून पुन्हा दुसरी रिक्षा. नाहीतर हप्त्यानं बाईक घ्यायची. पगार हातात पडायच्या आधीच त्यातला एक तुकडा बाईक आणि पेट्रोल खाऊन टाकतं. सेकंड शिफ्ट सुटते रात्री. त्या वेळी नगर नाक्याच्या अंधारात उभ्या असलेल्या पोरीला बसच्या ॲपवरचं लाइव्ह लोकेशन काय कामाचं? (रिक्षावाल्या मामूंवर राग नाही माझा. बसनं सोडलेलं शहर इतकी वर्षं त्यांनीच ओढलंय. बस वाढली तर गल्लीतून स्टॉपपर्यंत त्यांचाच धंदा वाढेल.)

आता गंमत बघा. वाळूज, बजाजनगर महापालिकेत नाही. शेंद्रा नाही. बिडकीन तर पैठण तालुक्यात. म्हणजे लोक जातात तिकडे, आणि महापालिकेची जबाबदारी संपते अलीकडेच. त्यामुळे लक्ष्य शहराचं नको, अख्ख्या महानगर प्रदेशाचं पाहिजे. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात मोठमोठे कारखाने येतायत, जमीन अजून मोकळी आहे. डेपोची जागा, बसचा स्वतंत्र पट्टा हे आत्ता आखलं तर स्वस्तात होईल. वस्ती झाल्यावर त्याच जागेसाठी भूसंपादन, मग कोर्ट, मग तारखा. जालना रोडवर उड्डाणपुलामागून उड्डाणपूल बांधून आपण काय मिळवलं, ते सिडको चौकात संध्याकाळी कळतं.

लंडननं २०४१पर्यंत ८० टक्के प्रवास पायी, सायकलनं किंवा सार्वजनिक वाहनानं व्हावेत असं ठरवलंय. त्यांच्याकडे १८६३पासून भुयारी रेल्वे आहे, आपण कुठे आणि ते कुठे, हे मलाही कळतं. पण वर्ष, टक्का आणि टक्का कशाचा, एवढं स्पष्ट लिहायला कुठे भुयार लागतं? माझ्या मते आपल्यासाठी २०३५ धरावं. पायी जाणारे सोडून, या सगळ्या महानगर प्रदेशातल्या दर तीन प्रवासांपैकी एक बसनं. फार वाटतंय ना? वाटायलाच पाहिजे. ‘प्रवासी दहा टक्के वाढवू’ असं लिहिलं तर दोन रूट वाढवून भागतं, कुणाची झोप उडत नाही. तीनातला एक म्हटलं की जालना रोडवर बसला स्वतःची लेन द्यावी लागते, दर दहा मिनिटांना गाडी द्यावी लागते, फुकट पार्किंगला हात घालावा लागतो. त्यावर पहिली बोंब दुकानदार आणि कारवाले मारणार. त्यांत माझे मित्रही आहेत.

‘आपले लोक गाडी सोडत नाहीत हो’, हे वाक्य शंभरदा ऐकलंय. २०२३च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानंतर कुठल्याही बसस्टँडवर जाऊन गर्दी बघितली असेल तर हे वाक्य तोंडातून निघू नये. परवडलं आणि गाडी आली की लोक बसतात.

नांदेड आणि लातूरकरांनीही हे मनावर घ्यावं. केंद्राची पीएम ई-बस सेवा तीन लाखांवरच्या शहरांसाठी आहे आणि २०११ला लातूर पावणेचार लाखांवर होतं. ट्यूशनला आलेली हजारो पोरं तिथं अजून सायकलनं, रिक्षानं फिरतात. त्यांच्या हातात स्कूटीची चावी पडायच्या आत बस द्या. एकदा गाडी दारात उभी राहिली की तिचा हप्ता माणसाला बसस्टॉपवर येऊ देत नाही.

महापालिकेच्या पुढच्या बजेटमध्ये ‘परिवहन’ या पानावर मला दोनच ओळी हव्यात. यंदा बसनं किती टक्के लोक गेले, आणि पुढच्या वर्षी किती जाणार. मोजायला कन्सल्टंट नको, आधी महावीर चौकात एका सोमवारी माणसं बसवून मोजणी करा.