गळा शक्यतो दुसऱ्याचा असावा

शपथ घ्यायची वेळ प्रत्येकावर कधी ना कधी येते. कुणावर मंत्री होताना, कुणावर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, कुणावर ‘फोन का उचलला नाहीस?’ या प्रश्नापुढे. अशा वेळी माणूस गडबडतो आणि गडबडीत चुकून खरं बोलून जातो. तुमचं तसं होऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी शब्दच बघू, कारण धोका तिथेच दडलाय. शपथ आणि शाप ही सख्खी भावंडं. दोघंही संस्कृत ‘शप्’ या धातूची लेकरं. शपथ म्हणजे स्वतःला आगाऊ देऊन ठेवलेला शाप: मी खोटं बोलत असेन, तर माझं अमुक होवो. जुन्या लोकांनी हे ‘अमुक’ चांगलंच जबरी ठेवलं होतं. ग्रीकांच्या देवांनासुद्धा त्यातून सूट नव्हती. पाताळातल्या स्टिक्स नदीची शपथ घेऊन एखाद्या देवाने ती मोडली, तर ग्रीक कवी हेसिअड सांगतो, त्याने वर्षभर श्वासाविना निपचित पडायचं आणि पुढची नऊ वर्षं देवांच्या सभेला नि मेजवान्यांना मुकायचं. देवाला मेजवानीबंदी! आजच्या कुठल्या लोकप्रतिनिधीला ही शिक्षा ऐकवून बघा. वर्षभर निपचित पडायला तो एक वेळ तयार होईल.

तेव्हा शाप कुणाला लागणार, हे शपथेआधी ठरवून घ्यावं. मराठीने ही सोय फार पूर्वीच करून ठेवलीय. ‘आईशप्पथ.’ ‘तुझ्या गळ्याची शपथ.’ ‘पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.’ यात बोलणाऱ्याचा एक केस तरी पणाला लागलाय का, नीट बघा. आई वेगळी, गळा समोरच्याचा, डोकी पोरांची. स्वतःच्या गळ्याची चिमूट धरून शपथ घेणारी माणसं साधारण चौथीपर्यंतच आढळतात, पुढे शहाणी होतात. आणि कुणी ‘माझी शपथ आहे तुला’ म्हणून तुम्हालाच पेचात धरलं, तर ‘आधी सुटली म्हण’ हा उतारा आहेच. एका शब्दात बांधायचं आणि एका शब्दात मोकळं करायचं, इतकी सुटसुटीत तरतूद मी कुठल्याही कायद्यात वाचलेली नाही.

हात कशावर ठेवायचा, हा त्यापुढचा प्रश्न. इथे तुमचा आदर्श फ्रान्सचा राजा दुसरा रॉबर्ट. हजार वर्षांपूर्वीचा माणूस, इतिहासात ‘धर्मनिष्ठ’ म्हणून ओळखला जातो. त्या काळी संतांचे अवशेष ठेवलेल्या पेटीवर हात ठेवून शपथ घेत, आणि ती मोडली की आत्म्याचं काही खरं नसे. राजाच्या लक्षात आलं, की आपली माणसं सर्रास खोट्या शपथा घेताहेत आणि थेट नरकाची वाट धरताहेत. दुसरा एखादा माणसं सुधारायच्या मागे लागला असता. याने पेटी सुधारली. सरदारांसाठी सोन्याने मढवलेली स्फटिकाची पेटी केली, आत काहीच नाही. गोरगरिबांसाठी चांदीची केली, तिच्यात कुठल्याशा पक्ष्याचं अंडं ठेवलं, म्हणे ग्रिफिन नावाच्या गरुडमुखी काल्पनिक प्राण्याचं. हेल्गो नावाच्या मठवासीने राजाच्या चरित्रात हे मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलंय. मला त्यातली वर्गवारी फार आवडते. थोरामोठ्यांच्या इमानासाठी पोकळी पुरे, गरिबाच्या इमानाखाली निदान अंडं तरी हवं.

रिकामी पेटी नाहीच मिळाली, तर रोमचा सम्राट टायबेरियस मदतीला धावेल. रुब्रियस नावाच्या माणसावर आरोप होता, की त्याने दिवंगत सम्राट ऑगस्टसच्या, म्हणजे तोवर देव झालेल्याच्या, नावाने खोटी शपथ घेतली. टायबेरियसने कळवलं, की देवांचा अपमान झाला असेल तर देव बघून घेतील. सन 15 मधली ही गोष्ट. देवांनी अजून फाइल उघडल्याचं कळलेलं नाही.

आता राजकारणाकडे वळू, कारण तुमच्यातले काही जण तिकडेच निघालेत. आपल्याकडच्या शपथविधीची एक गंमत आहे. राज्यपाल फक्त ‘मी’ म्हणतात आणि पुढचं भावी मंत्री वाचतो. म्हणजे अख्ख्या शपथेतला एकच शब्द सांगावा लागतो, आणि तो नेमका कुणालाही सांगायची गरज नसलेला. पुढे ‘निर्भयपणे व निःस्पृहपणे’ येतं, मग ‘कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ येतं. समोर पहिल्या रांगेत मुलगा, जावई आणि मेहुणा बसलेले असतात. त्यांच्याकडे न बघता ‘ममत्वभाव’ म्हणता आलं पाहिजे. घरी आरशापुढे सराव करा. ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घ्यावी की ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ करावी, यावर फार डोकं शिणवू नका. संविधानाने दोन्ही दारं उघडी ठेवलीत आणि दोन्हींमधून माणूस त्याच खुर्चीवर जाऊन पोचतो.

उच्चार मात्र चुकवू नका. जग तेवढंच तपासतं. 2009 साली बराक ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीशांकडून एक शब्द इकडचा तिकडे झाला. 35 शब्दांची शपथ, आणि घसरलेला शब्द होता ‘निष्ठापूर्वक’! कायदेपंडितांची झोप उडाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शपथ पुन्हा दिली गेली. शब्द घसरला म्हणून शपथ पुन्हा झाली. वागणं घसरलं म्हणून कुणाची पुन्हा झाली असेल, तर मला कळवा. आपल्या संविधानाचं कलम 104 तर सांगतं, की संसद सदस्याने शपथ घेण्याआधी सभागृहात बसून कामकाजात भाग घेतला, तर दिवसाला 500 रुपये दंड. शपथ मोडून बसला तर दिवसाला किती, ते कलम शोधतोय.

न्यायालयात जरा जपून, असं लोक उगाच घाबरवतात. खोट्या साक्षीला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे खरं. पण न्यायालयापुढे दिलेल्या खोट्या साक्षीची फिर्याद न्यायालयाच्याच बाजूने व्हावी लागते, आणि न्यायालयांपुढे आधीच किती काम पडलंय हे तुम्ही जाणताच. तरी जोखीम नको असेल, तर खोटं बोलूच नका. ‘माझ्या मते’ म्हणा. 14 एप्रिल 1994 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख एका रांगेत उभे राहिले, उजवे हात वर, सूट कडक. शपथ झाली. मग प्रत्येकाला विचारण्यात आलं, निकोटिनचं व्यसन लागतं का? एकापाठोपाठ एक सातही जणांनी नकार दिला, आणि बहुतेक जण म्हणाले, की नाही लागत असं मला वाटतं. ‘वाटतं’! वाटण्याला कोण खोटं ठरवणार? पुढे चौकशी झाली, कंपन्यांची कागदपत्रं बाहेर आली. खोट्या साक्षीचा खटला मात्र एकावरही उभा राहिला नाही. चार वर्षांनी बिल क्लिंटन यांनी शपथेवर साक्ष देताना याहून बारीक काम केलं. ते म्हणाले, ‘आहे’ या शब्दाचा अर्थ काय, यावर ते अवलंबून आहे. क्रियापदालाच आरोपी करणारा वकील मी दुसरा पाहिला नाही.

या सगळ्यात एकच घोडचूक संभवते, आणि ती सज्जन माणसं हमखास करतात. ती म्हणजे शपथ नाकारणं.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं बघा. येशूने शपथ घेऊच नका, तुमचं ‘हो’ हे हो असू द्या आणि ‘नाही’ हे नाही असू द्या, असं सांगितल्याचं त्यांनी बायबलमध्ये वाचलं आणि, वेडेच ते, खरं मानलं. न्यायालय त्यांच्यापुढे तेच बायबल धरून म्हणे, घ्या शपथ. हे म्हणत, पण आत लिहिलंय घेऊ नका म्हणून. तुरुंगात! त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स राजनिष्ठेची शपथ नाकारून 1664 पासून दोनेक वर्षं कोठडीत होता. आम्ही रोजच खरं बोलतो, आजच्यापुरतं वेगळं कशाला, हे त्यांचं म्हणणं इंग्लंडच्या कायद्याला पटायला 1696 साल उजाडलं. एवढ्या काळात शपथ घेऊन राजरोस खोटं बोललेले किती तरी लोक दुपारच्या जेवणाला घरी पोचले असतील.

चार्ल्स ब्रॅडलॉची कथा आणखी करुण. तो नास्तिक, 1880 मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला. म्हणाला, देवावर विश्वास नाही, तर शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करतो. सभागृह म्हणालं, नाही. बरं, मग शपथ घेतो. सभागृह म्हणालं, छे, तुझा तर विश्वासच नाही! एक रात्र संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडला गेला. त्याची जागा रिकामी होत राहिली, मतदार त्यालाच निवडून देत राहिले, आणि खुर्चीवर निर्वेध बसायला मिळालं 1886 मध्ये. त्याच सभागृहात मनातल्या मनात नास्तिक असलेले इतर किती जण बायबलवर हात ठेवून आरामात बसले होते, याची मोजदाद नाही. ब्रॅडलॉचा गुन्हा एवढाच, की त्याने आधी सांगितलं. 1891 मध्ये त्याच्या अंत्ययात्रेला लंडनमध्ये कायदा शिकणारा एक हिंदुस्थानी तरुण गेला होता. आईला दिलेल्या शपथेपायी परदेशात अर्धपोटी दिवस काढलेला, मोहनदास गांधी नावाचा. एकाला शपथ घेता आली नाही आणि दुसऱ्याला मोडता आली नाही. दोघांनीही हा लेख वाचलेला नसणार.

पॅरिसजवळ व्हर्सायच्या टेनिस कोर्टवर 20 जून 1789 रोजी 577 पैकी 576 लोकप्रतिनिधींनी, देशाला संविधान मिळेपर्यंत पांगणार नाही, अशी शपथ घेतली. एकाने नाही घेतली. राजाची मान्यता नसलेल्या निर्णयाला मी बांधून घेणार नाही, असं त्या मार्तँ-दोशचं म्हणणं होतं. चित्रकार दाविदने त्या प्रसंगाच्या चित्रात त्याला कोपऱ्यात बसवलाय, हात छातीशी घट्ट आवळून. बाकीचे हात हवेत उंचावलेले. त्या उंचावलेल्या हातांपैकी किती जणांनी पुढच्या पंचवीस वर्षांत प्रजासत्ताक, सम्राट आणि पुन्हा राजा अशा तिघांशी निष्ठा वाहिली, तो हिशेब फ्रेंचांनाच लखलाभ.

नकाराची हौसच असेल, तर ती आयर्लंडच्या इमॉन डी व्हॅलेरांसारखी भागवावी. इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घेणार नाही म्हणून ते वर्षानुवर्षं संसदेबाहेर राहिले. ऑगस्ट 1927 मध्ये आत गेले. समोरचं बायबल उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, मी शपथ घेत नाहीये असं अधिकाऱ्याला बजावलं आणि शपथेच्या वहीत सही केली. पाच वर्षांनी सत्तेवर आले, त्यानंतरच्या वर्षी ती शपथच रद्द केली. ब्रॅडलॉला हे सुचलं असतं तर मनोरा वाचला असता.

राहता राहिला प्रश्न शपथ पाळण्याचा. शक्यतो नादी लागू नका. भीष्मांनी पाळली. बापाच्या लग्नासाठी एक वाक्य बोलून गेले आणि ते निभावता निभावता आख्खं कुळ रणांगणावर नेऊन आडवं केलं. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारत होती तेव्हा सिंहासनाशी बांधलेले हे थोर पुरुष धर्म कसा सूक्ष्म असतो ते सांगत होते. पाळण्याचा एक फायदा मात्र कबूल करायला हवा: आपण काय करतोय याचा विचार करावा लागत नाही. 2 ऑगस्ट 1934 पासून जर्मन सैनिकांनी देशाऐवजी हिटलर या व्यक्तीच्या नावाने बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घेतली. युद्धानंतर कित्येक सेनाधिकाऱ्यांनी हात वर केले, आम्ही तर शपथेने बांधलेलो होतो म्हणून. शब्दाचे इतके पक्के लोक.

आपल्याकडच्या 1969 च्या शपथ कायद्यात एक तरतूद आहे. साक्षीदार बारा वर्षांखालचा असेल, खरं बोलावं हे त्याला कळत असेल पण शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, तर त्याला शपथ द्यायची गरज नाही. पोरगं नुसतं बोललं तरी चालतं. मोठ्यांना ही सवलत नाही.

माझाच अनुभव सांगतो. एका कागदावर माझं नाव आद्याक्षरांत होतं, दुसऱ्यावर पूर्ण. दोन्ही माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा, असं सांगण्यात आलं. नोटरीच्या टेबलाशी गेलो. मजकूर तयारच असतो, फक्त नाव घालायचं. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे... माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे व बरोबर आहे.’ मी मीच आहे, हेसुद्धा समजुतीप्रमाणे. इथे, इथे आणि मागे, असं बोट फिरलं. सह्या केल्या. गोल शिक्का बसला, रजिस्टरात ओळ भरली गेली. मी विचारलं, ‘शपथ तोंडाने घ्यायची असते ना?’

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. ‘घेतलीत की. सही नाही का केलीत?’

बाहेर येऊन कागद वाचला. आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं, म्हणजे आता तिसराच कोणी झाला होता. परत आत गेलो. त्यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘हरकत नाही. हे तिघं एकच आहेत असं दुसरं करून घेऊ.’