दहा मिनिटांची फरसबी

भाची बंगळुरूहून चार दिवसांसाठी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "मामा, मी व्हीगन झालेय." आईने आतून विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

दूध, दही, ताक, तूप बाद. मधसुद्धा बाद. आमच्याकडे तूप पडत नाही असा एकच पदार्थ, चहा; पण त्यात दूध.

"आज मी करतो काहीतरी," असं माझ्या तोंडून गेलं. बायको लगेच "बरं" म्हणाली. ती इतक्या पटकन "बरं" म्हणते तेव्हा सावध व्हायचं असतं, हे लग्नाला तीस वर्षं होऊनही माझ्या लक्षात राहत नाही.

मोबाईलवर सापडलं: उकडलेली फरसबी, वरून ड्रेसिंग. वेळ, १० मिनिटं. ही १० मिनिटं अर्धा किलो शेंगांच्या शिरा काढून झाल्यावर सुरू होतात, हे लिहिलेलं नव्हतं. फरसबी दोन प्रकारची. एकीचा दोर शेंड्यापासून देठापर्यंत सुर्रकन निघतो. दुसरी भाजीवाला मला देतो. पाऊण तास गेला.

पुढे शास्त्र होतं. शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यात ४ मिनिटं, झाकण न ठेवता, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. आंबट लागलं की हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि शेंगा पोलिसाच्या गणवेशासारख्या खाकी होतात, म्हणून लिंबू अगदी शेवटी. सगळं समजलं. फक्त बर्फ नव्हता. फ्रीजरमध्ये ओलं खोबरं, कोकमाचं आगळ आणि मटारची पिशवी. पिशवीच पातेल्यात बुडवली. तिला भोक होतं, हे शेंगांमध्ये मटार दिसायला लागल्यावर कळलं. असू दे, तेही व्हीगनच.

ड्रेसिंग म्हणजे तीन भाग तेल, एक भाग लिंबाचा रस, आणि त्यांची गाठ मारायला मोहरीची पेस्ट. पेस्ट बाटलीतली हवी होती. घरात मोहरी होती, गार पाणी होतं, मिक्सर होता. वाटली, १० मिनिटं झाकून ठेवली, तेल-लिंबू घालून घोटली. दिसायला झकास! वाटीभर ओतली.

भाचीने पहिला घास घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, समाधान. मग डोळ्यांतून पाणी आलं. "मामा," ती नाकाला रुमाल लावून म्हणाली, "वासाबी घातलंय?"

आईने बोट बुडवून चाखलं. "अरे, ही फेसलेली मोहरी की! लोणच्यात चमचाभर घालतात. गार पाण्यात वाटून ठेवलीस की झणका चढणारच. लिंबू वाटतानाच पिळायचं होतंस." मग भाचीकडे वळून, "सर्दी होती ना गं तुला? गेली?"

तेवढ्यात बायकोने ओट्यावरच्या एका पातेल्यावरचं झाकण काढलं. फरसबीची भाजी. तेलाची फोडणी, हिंग, हिरवी मिरची, वर ओलं खोबरं. "सकाळीच केली होती. हिच्यात दूध, तूप, मध काही नाही. कधीच नव्हतं." भाचीने दोनदा वाढून घेतली आणि रेसिपी मामीकडे मागितली.

माझ्या पातेल्यातले मटार आईने दुपारी एकेक करून वेचले, धुतले. रात्री उसळ होती. जरा नाकात जात होती.