मुंबई–न्यूयॉर्कचा ‘वळसा’ आणि नकाशावरची पट्टी

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला जोडणारी लाल सरळ रेघ, तिच्या वर आइसलँडपर्यंत चढून खाली येणारी, विमानाच्या वाटेची निळी कमान. खाली मजकूर: ‘सरळ रस्ता असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? समुद्राची भीती आणि तिकिटाचे पैसे! पट्टी-कोनमापकानं स्वतः तपासा.’

तर तपासूच.

‘लाल रेघ जवळची.’ नाही. हा नकाशा मर्केटर पद्धतीचा आहे. 1569मध्ये तो दर्यावर्दींच्या सोयीसाठी निघाला. त्यावरची सरळ रेघ म्हणजे कंपासचा एकच आकडा धरून चालायची वाट. सर्वांत कमी अंतर दाखवायचं काम त्या रेघेला कुणी दिलेलंच नव्हतं. याच नकाशात ग्रीनलँड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. प्रत्यक्षात भारत त्याच्या सुमारे दीडपट आहे.

आता आकडे. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. केनेडी विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. गोलावरच्या त्रिकोणमितीनं पृथ्वीच्या केंद्रापाशी दोघांमधला कोन 112.7 अंश येतो. एका अंशाला 60 सागरी मैल, म्हणजे 6,762 सागरी मैल, साधारण 12,530 किलोमीटर. ही निळी कमान. लाल रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, मोरोक्को करत जाते आणि भरते सुमारे 14,200 किलोमीटर. ‘जवळच्या’ रस्त्यानं जवळपास दोन तास जास्त! तिकीट महाग का, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर या कमानीत नाही. घरी पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून बघा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो.

‘कोनमापकानं दिशा कळते.’ उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजलं तर कोनमापक 280 अंश दाखवेल. कमी अंतराच्या वाटेवर निघतानाची दिशा मात्र 333 अंश, आणि ती एका जागी थांबत नाही. सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, नॉर्वे असं करत आइसलँडच्या अलीकडे 64.7 उत्तर अक्षांशावर ती नेमकी 270, म्हणजे थेट पश्चिम होते. न्यूयॉर्कला पोहोचताना 214. निघताना वायव्येकडे तोंड, उतरताना नैर्ऋत्येकडे, आणि मध्ये कुठेही मुद्दाम घेतलेलं वळण नाही. म्हणून नियोजनात वाटेचे तुकडे पाडून प्रत्येकाचा दिशाकोन वेगळा काढतात. शिवाय हे सगळे कोन खऱ्या उत्तरेपासूनचे. न्यूयॉर्कजवळ कंपासची सुई 12-13 अंश पश्चिमेला झुकते, त्यामुळे तिथं 214चे चुंबकीय 227च्या आसपास होतात.

‘समुद्र टाळतात.’ ही निळी कमानच नॉर्वे सोडल्यापासून लॅब्राडॉरपर्यंत, मधलं आइसलँड वगळलं तर, पाण्यावरून जाते. लॉस एंजेलिस–सिडनी तर जवळजवळ अख्खा पॅसिफिक ओलांडतं. दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर ठरावीक वेळेत विमानतळ गाठता आला पाहिजे, हा नियम आहे. पण त्यासाठी समुद्र सोडावा लागत नाही.

फॉरवर्डच्या बाजूनं एक गोष्ट मान्य: मुंबई–नागपूरला पट्टी चालते. तिथं दोन्ही वाटांच्या लांबीतला फरक शंभर मीटरसुद्धा नाही.

शेवटची ओळ म्हणते, ‘अ‍ॅपमध्ये अक्षांश-रेखांश टाका, अंतराला वेगानं भागा, झालं.’ पृथ्वी नेमका गोल नाही, पण त्यानं येणारी चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या घरात, ती सोडा. वाऱ्याला सोडता येत नाही. अटलांटिकवरचे मार्ग गँडर आणि शॅनविक ही नियंत्रण केंद्रं वारा बघून रोज नव्यानं आखतात. आणि एप्रिल 2025मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. निळ्या कमानीचा सिंधवरचा तुकडा त्यांच्यापुरता बाद झाला. वळसा पडला तो तिथं. त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.